दुसऱ्या हाताचा फोटो

संधिवातासाठी आठवड्याचं ते इंजेक्शन ज्यांना सुरू होणार आहे, त्यांनी हे वाचावं म्हणून लिहून राह्यली. म्हणजे, लिहिते आहे. माझी पोरगी संगी म्हणते, "आई, सगळ्यांले समजंन असं पुस्तकातलं मराठी लिही." मी दहावी पास आहे, जमेल तितकं लिहिते. बोललेलं मात्र जसं बोललं गेलं तसंच ठेवते. त्यातलं अर्धं खोटं होतं, आणि खोटं काय सुधारून लिहायचं!

आजाराशी झुंजले, लढले असं सांगणारे लोक असतात. त्यांना माझा लांबून नमस्कार. मी तसली बाई नाही. मी डॉक्टरांशी खोटं बोलले, पोरीशी बोलले, विहिणीशी बोलले आणि त्या खोट्यात एका पंचवीस दिवसांच्या लेकराला ओढलं. हे सांगताना आजही मान खाली जाते. तरी सांगते.

मूठ

कारंज्याच्या बाहेर आमचं भाजीपाल्याचं वावर आहे. मेथी, पालक, सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर. पहाटे उपटायचं, धुवायचं, जुड्या बांधायच्या आणि उजाडता उजाडता बाजारात न्यायचं. एका तासात दोनशे जुड्या बांधणारी बाई मी. हे मी फुशारकीने सांगत नाही, थोडं सांगते, पण बोटं गेली तेव्हा काय गेलं ते कळावं म्हणून.

आधी सकाळी बोटं आखडायची. मग मनगटं सुजली. मग असं झालं की मूठ एकदा मिटली की उघडेना. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, माझी झाकली मूठ एक जुडी बांधायच्याही कामाची नव्हती. संगीचे बाबा माझी वेणी घालून द्यायचे. ती वेणी पाहून म्हैससुद्धा लाजली असती. मी रडत रडत हसायची आणि ते म्हणायचे, "हालू नको वो, पेड सुटते."

याच दिवसांत संगीचं लग्न जमलं. संगी आमची एकुलती एक. अमरावतीला शिकली, तिथेच एका प्रयोगशाळेत दोन वर्षं कामाला होती. पाहुणे केनवडचे. होणाऱ्या विहीणबाई, कमलबाई, म्हणजे खमक्या बाई. माझी बोटं पाहून त्या साखरपुड्यातच म्हणाल्या, "हे अंगावर काढू नका. अकोल्याचा डॉक्टर माह्या ओळखीचा हाय. म्या येतो संग."

आणि खरंच आल्या. हे लक्षात ठेवा. त्या आल्या नसत्या तर कदाचित मी खरं बोलले असते. कदाचित! स्वतःची सोय पाहून बोलायची सवय काही जात नाही बघा.

"नाई जी"

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं. ते म्हणाले, आपल्या शरीरातल्या पेशींना कान असतात असं समजा. शरीरातलाच एक निरोप्या येऊन त्या कानात सांगतो, सूज आणा. तुमच्या शरीरात हा निरोप्या दिवसरात्र ओरडतोय. आता माणसाच्या शरीरातल्या त्या कानाची हुबेहूब नक्कल प्रयोगशाळेत तयार करता येते. ती इंजेक्शनातून देतात. निरोप त्या नकली कानात जातो आणि सांध्यापर्यंत पोचत नाही.

मला ते फार आवडलं. मी म्हटलं, "म्हंजे सासूचं बोलणं आडभिंतीनंच आयकलं असं झालं." डॉक्टर हसले, कमलबाईही हसल्या.

मग डॉक्टर गंभीर झाले. "पण तोच निरोप्या अंगात लपलेल्या जुन्या जंतूंवर पहाराही ठेवतो. त्याला अडवलं की ते जागे होतात. म्हणून विचारतो, नीट आठवून सांगा. घरात कोणाला कधी टीबी झाला होता का?"

कमलबाई माझी फाइल मांडीवर घेऊन बाजूच्याच खुर्चीत बसल्या होत्या. लग्नाला सव्वीस दिवस राहिले होते. मी त्यांच्या चपलांकडे पाहिलं. नव्या होत्या, चॉकलेटी.

"नाई जी," मी म्हटलं. "आमच्या घरात कोणालेच नाई."

"निरोगी घर हाय साहेब," कमलबाई म्हणाल्या. "पाहूनच पोरगी केली आमी."

त्याच्या पाच वर्षं आधी संगीच्या बाबांना टीबी झाला होता. सहा महिने गोळ्या खाल्ल्या, पुरे बरे झाले. पण गावात आम्ही सांगितलं होतं, पित्ताचा त्रास आहे. गोळ्या कारंज्यातून घेतल्या नाहीत, मंगरूळपीरला जाऊन आणायचो, एसटीने, भाजीच्या पोत्याखाली पिशवी ठेवून. संगी तेव्हा होस्टेलवर होती. तिलासुद्धा सांगितलं नाही. आमच्याकडे हा आजार माणूस बरा झाला तरी घराला चिकटून राहतो. पोरीच्या सोयरिकीच्या वेळी लोक सात पिढ्या उकरतात.

छातीचा फोटो काढला, तो साफ निघाला. मग डाव्या हाताला, कोपराच्या खाली, एक बारीक सुई टोचली. ती टीबीची चाचणी होती. तिथे सूज आली तर अंगात जंतू दडले आहेत असं समजायचं. तिसऱ्या दिवशी हात दाखवायला यायचं होतं. बाहेरच्या टेबलावरचा माणूस भला होता. म्हणाला, "एवढ्या लांबून काहून येता मावशी? जमलं नाही तर त्या दिवशी हाताचा फोटो पाठवा."

भल्या माणसाच्या भलेपणाचं मी काय केलं ते आता सांगते.

फोटो

तिसऱ्या दिवशी सकाळी डाव्या हातावर बोराएवढी गाठ होती, लालभडक आणि गरम. हातच्या काकणाला आरसा कशाला, मला काय ते समजलं. गार पाण्याची पट्टी ठेवली, कडुनिंबाचा पाला वाटून लावला. गाठ आणखी लाल झाली.

दुपारी संगीच्या बाबांना मी ओट्यावर बोलावलं. "फोटो काढा," म्हटलं आणि उजवा हात पुढे केला.

त्यांनी मोबाइल खाली घेतला. "सुई तं डाव्या हाताले टोचली ना?"

"हो."

"मंग?"

"मंग काय? काढा म्हणते ना."

ते माझ्याजवळ ओट्यावर बसले. मग म्हणाले, "माह्या आजारापायी तू काहून खोटं बोलून राह्यली? सांगून टाक न त्या डॉक्टरले. तो काय केनवडले दवंडी देणार हाय का?"

"फाइल कोणाजवळ हाय माहीत हाय ना? इहीणबाईजवळ. रिपोर्ट त्याहीच आणणार हायेत. पोरीच्या अंगाले हळद लागू द्या, मंग सांगतो."

त्यांनी फोटो काढला. माझ्या उजव्या हातावर लहानपणीचं गोंदण आहे, तुळशीचं झाड. ते दिसू नये म्हणून मी त्यावर पदर ओढला. मोकळी जागा तेवढी दिसू दिली, गुळगुळीत, काहीच नसलेली. फोटो पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं, अंगठा वर केलेला. चाचणी ठीक, इंजेक्शन सुरू करा.

संध्याकाळी संगीचा फोन आला. तिला त्या इंजेक्शनाची फार अपूर्वाई होती. म्हणाली, "आई, आमच्या लॅबमंदी हेच प्रोटीन येत होतं बारक्या बारक्या शिशांमंदी. पावडर राहते, मिठाच्या चिमटीएवढी. वर लिहेल राहते, फक्त संशोधनासाठी, माणसाले द्याचं नाई. म्या ते हातमोजे घालून उचलत होतो. आन त्याचंच औषध तुले भेटून राह्यलं, पाह्य!" मग तिचा आवाज बदलला. "टीबीची टेस्ट केली ना पण? नीट आली ना?"

"हो वो माय. साफ हाय."

पाच शब्द. बोलायला किती सोपे गेले म्हणून सांगू!

हळद लागल्यावर सांगणार होते ना मी? हळद लागली, लग्न लागलं, पोरगी केनवडला नांदायला गेली. मी कोणाला काही सांगितलं नाही. कारण तोवर माझी मूठ उघडली होती.

तिसऱ्या इंजेक्शनानंतर बोटं सरळ झाली. मी माझी वेणी घातली, भाकरी थापल्या, जुड्या बांधल्या. लग्नात बायकांनी हात धरून मला फुगडीला ओढलं तेव्हा मी नाही म्हटलं नाही. मनात म्हणायची, देवानेच वाचवलं, एवढी काळजी उगीच. देवाला मध्ये घालायला मला लाज वाटली नाही.

धुरी

लग्नाला वर्ष होत आलं तेव्हा संगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. नातू झाला. कमलबाई पेढे घेऊन आल्या, नाव ठेवून गेल्या, आणि बाळ-बाळंतीण सव्वा महिना आमच्याकडे राहायचं ठरलं.

तो महिना मी आयुष्यात विसरणार नाही. रोज सकाळी पाटावर बसून पाय लांब करायचे, बाळाला पायांवर आडवं घ्यायचं, तेल जिरवायचं. माझ्या बरी झालेल्या बोटांनी! त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवताना वाटायचं, यासाठीच ती बोटं परत आली. अंघोळ झाली की शेगडीवर ओवा आणि वावडिंग टाकून धुरी द्यायची. धुराने मला ठसका लागायचा.

ठसका, ठसका म्हणता म्हणता तो खोकला झाला होता. संध्याकाळी अंग मोडून यायचं. ब्लाउज ढिले झाले. मी संगीला न दिसेल अशी तापाची गोळी घ्यायची. एकदा तिने कपाळाला हात लावला. "आई, तुले संध्याकाळी ताप येते का?"

"चुलीजवळून उठली ना मी. कपाळ तापीनच."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मला माहीत होतं. खोटं का बोलू, त्या दिवसांत मला पुरतं माहीत होतं. पण मी स्वतःला सांगत होते की धुरीनेच होतं. रोज सांगत होते आणि रोज बाळाच्या तोंडावर वाकून त्याचे डोळे पुसत होते.

पंचविसाव्या दिवशी बाळ पायांवर असताना खोकल्याची उबळ आली. पदर तोंडाला लावला. पदर खाली केला तर त्यावर लाल डाग होता. संगी गरम पाणी घेऊन दारात उभी होती. तिने भांडं खाली ठेवलं, बाळाला ओलंच उचललं आणि भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. माझ्यापासून जेवढं लांब जाता येईल तेवढं लांब.

हा हात नाही

दुसऱ्या दिवशी मी आणि संगीचे बाबा अकोल्याला गेलो. डॉक्टरांनी नवा छातीचा फोटो उजेडाला धरला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. थुंकी तपासायला पाठवली. मग कॉम्प्युटरवर माझा जुना कागद काढला.

"समजत नाही," ते म्हणाले. "घरात कोणाला नव्हता. तुमची चाचणीही ठीक होती. हा पाहा ना फोटो. घरी कोण कोण आहे?"

"पोरगी बाळंतीण हाय," संगीचे बाबा म्हणाले. "नातू पंचवीस दिवसांचा."

मी पडद्यावर पाहिलं. माझा हात, एवढा मोठा. पदराच्या कडेखालून तुळशीचं एक पान बाहेर आलं होतं, हिरवं. डॉक्टरांना ते दिसत होतं, पण त्यांना काय कळणार? मी गप्प बसले असते तर त्यांना कधीच कळलं नसतं. आणि खरं सांगते, मी क्षणभर गप्पच बसले.

मग मी डावा हात टेबलावर ठेवला. शेजारी उजवा ठेवला, गोंदण वर करून.

"साहेब, फोटोतला हात हा हाय. तुमची सुई या हाताले टोचली होती. त्याच्यावर एवढी गाठ आली होती. आन याहीले त्याच्या पाच वर्सं आधी टीबी झाला होता. म्या खोटं बोल्ली."

डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला आणि फक्त म्हणाले, "बाई, आधी गोळ्या देऊन, महिनाभर थांबून, हेच इंजेक्शन मी तुम्हाला देऊ शकलो असतो. एवढंच करायचं होतं."

एवढंच करायचं होतं. खरं बोलले असते तर बोटंही उघडली असती आणि बाळही सुरक्षित राहिलं असतं. सोयरीक मोडेल या भीतीने मी ते एवढंसं केलं नाही. ज्यांना हे इंजेक्शन सुरू होणार आहे त्यांनी माझं बाकी सारं विसरलं तरी चालेल, डॉक्टरांचं हे एक वाक्य विसरू नका.

संगीला मी ओट्यावरूनच सांगितलं, ती आत, मी बाहेर. सगळं सांगितलं, बाबांचा आजार, दुसरा हात, सगळं. तिने बाळाला छातीशी धरलं होतं. ती रडली नाही, चिडली नाही.

"म्या तुले फोनवर इचारलं होतं, आई," एवढंच म्हणाली.

कमलबाई

माझ्या थुंकीत टीबीचे जंतू निघाले. संगीची आणि बाळाची, दोघांची तपासणी झाली. देवाची कृपा, लागण दिसली नाही. पण बाळाला सहा महिने रोज गोळी द्यावी लागणार होती, पाण्यात विरघळवून. म्हणजे ती केनवडच्या घरात द्यावी लागणार. म्हणजे कमलबाईंना सांगणं आलं. संगी म्हणाली, मी सांगते. मी म्हटलं, नाही. तेवढं एक काम मला करू दे.

त्या आल्या. मी तोंडाला मास्क लावून ओट्याच्या टोकाला बसले आणि बोलले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"टीबी काय, कोणालेई होते," त्या म्हणाल्या. "त्याच्यासाठी म्या सोयरीक मोडली नसती. मोडली असती बी, कोणाले माहीत. पण म्या तुमच्या आंगाले आंग लावून बसली होती. तुमच्या घराची ग्वाही देल्ली म्या त्या डॉक्टरपाशी. माह्या तोंडानं खोटं बोलवलं तुमी."

त्यांनी बाळाचे कपडे स्वतःच भरले, तेलाची वाटीसुद्धा घेतली. जाताना संगी वळून पाहील असं वाटलं. ती वळली नाही.

सकाळचा चमचा

मी बारा दिवस दवाखान्यात होते. सकाळी सहाला गोळ्या, मग वजन, मग चहा, मग डॉक्टरांची फेरी, मग छताकडे पाहत पडायचं. शेजारच्या खाटेवरची आजी रोज विचारायची, "भेटाले कोणी नाई येत का वो तुले?" मी म्हणायची, पोरगी बाळंतीण आहे. हे तरी खरं होतं.

वातावरचं इंजेक्शन बंद झालं. महिन्याभरात बोटं पुन्हा वळली. संगीच्या बाबांनी पुन्हा वेणी घालायला घेतली. पण एक गोष्ट त्यांनी वेगळी केली. माझ्या गोळ्यांचं पाकीट त्यांनी कारंज्याच्याच दवाखान्यातून आणलं, हातात धरून, पिशवीत न घालता. बाजारात कोणी विचारलं तर सांगायचे, "टीबी हाय तिले. मले बी झाला होता, मंगरूळपीरहून लपूनछपून गोळ्या आणल्या. बरा झालो." इतकी वर्षं जो माणूस तोंड मिटून बसला, तो चौकात बोलायला लागला. काही गिऱ्हाइकं तुटली, काही महिन्यांनी परत आली. आमची मेथी चांगली असते.

संगी फोन उचलत नव्हती. पण ती गेल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी तिचा एक फोटो आला. रिकामा चमचा. शब्द एकही नाही. बाळाने गोळी घेतली एवढाच अर्थ. दुसऱ्या दिवशी पुन्हा. सहा महिने, रोज सकाळी, रिकामा चमचा. मी खोटा फोटो पाठवला होता आणि ती मला रोज एक खरा पाठवत होती. ती मला शिक्षा होती की दया होती, मी तिला अजून विचारलेलं नाही. पण तो आल्याशिवाय मी चहा प्यायची नाही.

केनवड

माझ्या गोळ्या संपल्या, थुंकी कधीचीच साफ आली होती, डॉक्टरांनी कागदावर बरी झाल्याचं लिहून दिलं. त्याच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला. संगीचा नाही, कमलबाईंचा. "येऊन जा," म्हणाल्या आणि ठेवला.

केनवडला उतरले तेव्हा हातात सांभाराच्या जुड्या होत्या, संगीच्या बाबांनी बांधलेल्या, ढिल्या. तो कागदही घेतला होता. दारातच कमलबाईंसमोर धरला. त्यांनी तो वाचला, पूर्ण, खालच्या सहीपर्यंत. मला वाईट वाटलं नाही. मी त्यांच्या जागी असते तर दोनदा वाचला असता.

संगी आतून पाणी घेऊन आली. "बारीक झाली तू," म्हणाली. मी मान हलवली.

बाळ झोपलेलं होतं. आठव्या महिन्यातलं, गुटगुटीत, तोंड उघडं. मी लांबच, भिंतीला टेकून बसले. कमलबाईंनी त्याला उचललं आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"कोणता हात होता?"

मी डावा हात पुढे केला. गाठ केव्हाच गेली होती, सुईची खूणही नव्हती. तरी त्यांनी तो नीट पाहिला. मग खाली बसल्या आणि बाळाचं डोकं त्याच हातावर ठेवलं, कोपराच्या खाली, बरोबर तिथे.

लेकरू जड झालं होतं. मनगटातून कळ उठली ती खांद्यापर्यंत गेली. बोटं वळलेली, त्याला नीट धरताही येत नव्हतं. मी श्वास धरून बसले. कमलबाई माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

"हात दुखून राह्यला का?"

"नाई" ओठावर आलंच होतं, सवयीने. मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"हो," मी म्हटलं. "लय दुखते."

त्या उठल्या, आतून उशी आणली आणि माझ्या हाताखाली सरकवली.